अंबाझरीच्या पाळीवर ८×४२: सव्वा वर्ष वापरलेल्या दुर्बिणीबद्दल

ही ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण मी नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतली. तिचे आता दोन हिवाळे, एक उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा झाला आहे, आणि बहुतेक सगळा वेळ ती नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, किंवा तलावामागच्या जैवविविधता उद्यानात माझ्या गळ्यात होती. एवढा वापर झाल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दुर्बिणींबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक डबा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं असतं, आणि डिसेंबरच्या स्वच्छ सकाळी कुठलीही दुर्बीण चांगलीच दिसते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच मापाच्या आणि साधारण याच किमतीच्या चार-पाच दुर्बिणी बाजारात आहेत, आणि मला सांगायचं आहे ते मापाबद्दल, चष्म्याबद्दल आणि आपल्या नागपूरच्या हवेबद्दल.

मी हिंगणा एमआयडीसीत गिअर तपासायचं काम करतो. दहा पटीच्या लूपमधून, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगातून, दातांवरचे ओरखडे शोधणं हीच माझी नोकरी. महिन्यातले दोन आठवडे नाईट असते. सकाळी सातला सुटलो की घरी जायच्या आधी गाडी पाळीकडे वळते. वय एक्कावन्न, डोळ्याला प्रोग्रेसिव्ह चष्मा. हे सांगायचं कारण असं की दुर्बीण निवडताना शेवटी याच गोष्टी कामाला आल्या, जाहिरातीतल्या नाही.

आधी माझ्याकडे १०×५० होती. जुन्या पद्धतीची, मधे खांदे असलेली, जिला पोरो म्हणतात ती. जवळजवळ नऊ वर्षं वापरली. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठ्या मेहुण्यांनी दोन दिवसांसाठी मागून नेली. त्यांचं घर अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर. २३ तारखेच्या पहाटे काय झालं ते नागपुरात कोणाला सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तलाव ओसंडला, नाग नदी लोकांच्या घरात शिरली. मेहुण्यांकडे कंबरभर पाणी होतं. माणसं गच्चीवर गेली म्हणून वाचली. गहू गेला, फ्रीज गेला, भाचीची वह्या-पुस्तकं गेली. चार दिवसांनी चिखल उपसताना दिवाणाखाली माझी दुर्बीण सापडली. मेहुणे ती हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी ती पटकन घेऊन पिशवीत टाकली. त्यांचं इतकं गेलं होतं, त्यात माझ्या दुर्बिणीचा विषय निघायलाच नको होता.

नंतर बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, एका जुन्या दुकानात ती उघडून घेतली. कारागिरानं प्रिझम काढून उजेडात धरला. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या. म्हणाला, ही बुरशी पुराची नाही, त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. दर पावसाळ्यात थोडी थोडी दमट हवा आत जात होती आणि बुरशी काचेवरचं कोटिंग खात होती. म्हणजे गेली दोन-तीन वर्षं मी धुकट बघत होतो आणि दोष अंबाझरीच्या धुक्याला देत होतो. पुराचं पाणी नुसतं निमित्त झालं.

त्यामुळे नवीन घेताना पहिली अट ठरली: आत नायट्रोजन भरलेली, सील केलेली, वॉटरप्रूफ. आत कोरडा वायू आणि सगळ्या जोडांना रबरी रिंग असली की आतल्या बाजूनं बाष्प धरत नाही आणि बुरशीला ओल मिळत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते माहीत आहे, पापडसुद्धा दोन दिवसांत मऊ पडतात. या एका गोष्टीसाठी तीन हजार जास्त गेले तरी द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न आठ की दहा. सगळे दहा म्हणतात. माझ्या खात्यातल्या एकानं तर रस्त्यावरून ३०×६० लिहिलेली, लालभडक भिंगांची दुर्बीण आणली होती. त्या लाल कोटिंगमुळे लाल प्रकाश परत फिरतो, आत पुरेसा येत नाही. मग बगळा निळसर दिसतो आणि पळस काळपट. ती घेऊ नका, फुकट मिळाली तरी पोरांच्या डोळ्याला लावू नका.

दहा पट चांगलीच असते, पण ती पक्ष्याबरोबर तुमच्या हाताची थरथरही दहा पट करते. रात्रभर उभं राहून काम केल्यावर सकाळी साडेसातला माझा हात स्थिर नसतो. जुन्या दुर्बिणीत बदकाच्या डोळ्याचा रंग बघायचा तर मला श्वास रोखून धरावा लागे. आठ पटीत बदक थोडं लहान दिसतं, पण जागेवर राहतं, आणि जागेवर राहिलं की जास्त दिसतं. शिवाय आठ पटीत आजूबाजूचा भागही जास्त येतो. माझ्या या दुर्बिणीत हजार मीटरवर सुमारे १२६ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. जुनीत ११४ मावायचं. आकड्यात फरक किरकोळ वाटतो. पण बाभळीतून सुगरण उडाली आणि तिला परत गाठायचं असलं की हे बारा मीटर फार मोठे असतात.

४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठनं भागलं की सव्वापाच येतात. डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाचा गोल एवढ्या मिलिमीटरचा असतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती पाचच्या आसपास येते. म्हणजे माझ्या डोळ्यात जेवढा प्रकाश मावतो तेवढा ही दुर्बीण देते. याहून मोठी घेतली असती तर वरचा प्रकाश बुबुळावर पडून वाया गेला असता आणि वजन मात्र मानेनं वाहिलं असतं. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये हाच गोल अडीच मिलिमीटरचा होतो. दुपारी ती चालते, पहाटे आंधळी होते.

आता चष्मा. चष्मेवाल्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा. दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून किती लांब डोळा ठेवला तर पूर्ण गोल दिसतो, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. ते खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा लावून बघायचं तर निदान १५-१६ मिलिमीटर हवं. माझ्या जुनीत ते कमी होतं, म्हणून नऊ वर्षं मी दर वेळी चष्मा कपाळावर ढकलायचो, दुर्बीण लावायचो, आणि तोवर पक्षी गेलेला असायचा. हिचं १८ आहे. मागच्या रबरी वाट्या फिरवून पूर्ण खाली केल्या की चष्म्याची काच तिथे टेकते आणि कडेपर्यंत सगळं दिसतं. पहिल्या दिवशी पाळीवर उभा राहून चष्म्यासकट बघितलं तेव्हा खरंच गळा दाटून आला. पंचवीस-तीस वारकऱ्यांचा थवा, सगळेच्या सगळे एका चौकटीत, काळेभोर, आणि प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. इंग्रजीत त्यांना कूट म्हणतात. आपल्या माणसांनी वारकरी म्हटलं, आणि त्या दिवशी मला कळलं की नाव ठेवणाऱ्यानं किती जवळून पाहिलं असेल.

हिवाळ्याचं फार सांगत नाही, हिवाळ्यात सगळेच येतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जयंतीपासून सलीम अलींच्या जयंतीपर्यंतचा. तेव्हापासून पाळीवर गळ्यात दुर्बीण असलेली माणसं दिसायला लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही बदकं थोड्या थोड्या संख्येनं येतात. दगडांवर पांढरे धोबी शेपटी हलवत फिरतात. झुडपात थिरथिरा दिसतो. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खाली खाली उडत आला की वारकऱ्यांचा सगळा थवा पाणी उडवत एकत्र गोळा होतो.

नवीन माणसाला एक मात्र सांगतो. पाळ तलावाच्या पूर्वेला आहे. सकाळी पाळीवरून बघितलं तर ऊन पाठीशी असतं आणि पाण्यावरचा प्रत्येक पक्षी रंगासकट दिसतो. जैवविविधता उद्यान पश्चिमेच्या अंगाला, तिथून सकाळी पाण्याकडे बघाल तर सूर्य समोर, सगळे पक्षी काळे. म्हणून सकाळी पाळ, आणि उद्यानात गेलात तर सकाळी पाण्याकडे पाठ करून गवताकडे बघा. हे न कळल्यामुळे कित्येक जण दुर्बिणीला नावं ठेवतात. आणि सूर्याच्या जवळपास दुर्बीण फिरवू नका. एक क्षणही पुरतो, डोळा कायमचा जातो.

हिवाळ्यात या दुर्बिणीची मर्यादाही कळते. तलाव चांगला रुंद आहे, आणि बदकं माणसांना टाळून मधोमध बसतात. तिथे आठ पट अपुरी पडते. लालसरी आहे की शेंडी बदक, हे मला कित्येकदा त्याच्या बुडी मारण्याच्या ढंगावरून आणि पांढऱ्या कुशीवरून ठरवावं लागलं, आणि दोन वेळा चुकीचं ठरवलं. जिल्ह्यात सायकी, पारडगाव अशा तलावांवर मोठे थवे बघायला जायचं असेल तर तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे जास्त पटीची एकनळी दुर्बीण, असलेला कोणीतरी बरोबर हवा. दहा पटीची दुर्बीण घेऊनही ते काम होत नाही, म्हणून त्या आशेनं दहा घेऊ नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यानाच्या बाजूला पळस पेटतो आणि त्यावर पळसमैनांचे थवे येतात. तेव्हा ही दुर्बीण वापरायला नुसता आनंद असतो. त्याबद्दल तक्रारच नाही.

मग उन्हाळा. नागपूरचा मे महिना दुर्बीण बनवणाऱ्या कोणाच्या डोक्यात नसतो. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि सकाळी नऊलाच गाळावरून हवा वर उठताना दिसते. ती हवा हलते म्हणून पक्षीही हलताना दिसतो. महाग असो, स्वस्त असो, कुठल्याही काचेला यावर उपाय नाही, आणि जितकी पट जास्त तितकं हे हलणं जास्त. मेमध्ये आठनं मला दहापेक्षा स्पष्ट दाखवलं, हे मी शेजारी उभ्या असलेल्या एकाची १०×४२ मागून घेऊन, एकाच टिटवीवर दोन्ही लावून पाहिलं आहे.

त्या टिटवीचं सांगायलाच हवं. पाणी मागे सरकलं की काठाला खडे आणि सुकलेला गाळ उघडा पडतो. तिथे तिनं अंडी घातली होती. घरटं नाहीच, खड्यांत खड्यांसारखीच चार ठिपकेदार अंडी. मी साठ-सत्तर पावलांवर एका बाभळीच्या सावलीत बसलो होतो. साडेआठ वाजले असतील. टिटवी उठली आणि चालत पाण्याकडे गेली. मला वाटलं तहान लागली असेल. पण ती पाण्यात पोटापर्यंत उतरली, बसली, अंग डावीकडे-उजवीकडे घुसळलं, आणि उठून तशीच भिजल्या पोटानं परत आली. दुर्बिणीत पोटाच्या पिसांमधून थेंब गळताना दिसत होते. अंड्यांवर उभी राहिली, पिसं फुलवली आणि हळूच खाली बसली. तासाभरात तिनं हे तीनदा केलं. टिटव्या अशी अंडी गार ठेवतात हे माहीत होतं. पण त्या उन्हात, माझ्या पायाखालची माती चपलेतून पोळत असताना, ते थेंब बघणं वेगळं होतं. एक गोष्ट मनापासून सांगतो. दुर्बिणीचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे जवळ जावं लागत नाही. मी दहा पावलं पुढे गेलो असतो तर ती ओरडत उठली असती आणि अंडी उन्हात उघडी पडली असती. अशा उन्हात अंडी उघडी पडली तर काय होईल याचा विचार करा. मोबाईलवर फोटो हवा म्हणून थेट काठापर्यंत जाणारी माणसं मी दर उन्हाळ्यात बघतो आणि दर वेळी हात जोडून थांबवतो.

उन्हाळ्यात दुर्बीण गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. उभ्या गाडीची डिक्की भट्टी असते. फोकसच्या चाकातलं ग्रीस पातळ होतं, बाहेरचं रबर चिकट होतं. मी पांढऱ्या सुती पिशवीत घालून कंपनीत आत नेतो.

नवतपा चालू असताना, मेच्या शेवटी, उद्यानात नवरंग येतो. हिवाळा दक्षिणेत, श्रीलंकेपर्यंत काढून वीण करायला आपल्याकडे परततो. दिसायला अतिशय रंगीत, पण राहतो झुडपाखालच्या अंधारात, वाळल्या पानांत उड्या मारत. आधी दोन सुरांची शीळ ऐकू येते, मग अर्धा तास काहीच नाही. पक्षी सावलीत आणि तुमचे डोळे उन्हानं दिपलेले. इथे स्वच्छ काचेची किंमत कळते. जुन्या दुर्बिणीतून मला नवरंग म्हणजे एक हलणारी सावली आणि शेपटीखाली लालसर काहीतरी, एवढंच दिसायचं. ३० मेला सकाळी या दुर्बिणीतून त्याच्या खांद्यावरचा निळा तुकडा, डोळ्यावरची काळी पट्टी आणि चोचीत धरलेला किडा, तिन्ही दिसलं. मुलगी बरोबर होती. तिला दिली तर तीन सेकंदांत म्हणाली, "बाबा, तो माझ्याकडेच बघतोय."

जूनच्या मध्यावर पाऊस आला की चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, तारेवर बसून ओरडणारा, आणि ज्याच्या-त्याच्या घरट्यावर नजर ठेवणारा. बिचाऱ्या सातभाईंना त्याची पिल्लं वाढवावी लागतात. पण चातक बघायला दुर्बीणही लागत नाही, तो समोरच बसतो.

पावसाळ्याबद्दल मात्र मला मनसोक्त लिहायचं आहे. पावसात पक्षी बघायला जाणारे फार थोडे, आणि अंबाझरीचा खरा संसार तेव्हाच चालतो. तलाव जुना आहे, १८७० च्या सुमाराचा. शहराला पाणी द्यायला बांधला, आता कित्येक वर्षांत पिण्यासाठी वापरत नाहीत. सांडपाणी आलं, जलकुंभी माजली. ती काढली जाते, पुन्हा येते. माणसासाठी हे सगळं वाईटच. पण त्या हिरव्या सायीवर जुलै-ऑगस्टमध्ये कमळपक्षी लांब बोटांनी चालत असतो, शेपटी कोयत्यासारखी वाकडी आणि मानेमागे सोनेरी. त्यांच्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नाईट सुटल्यावर मी पाळीच्या एका कडेला छत्री घेऊन उभा होतो. पाऊस बारीक, सरळ पडणारा. पाऊस असला की आता आधी नजर पाण्याच्या पातळीवर जाते, पक्ष्यांवर नंतर. त्या पुरानंतर ही सवय लागली आहे. मग वीस-पंचवीस मीटरवर टिबुकली दिसली. पाण्यावर तरंगणाऱ्या कुजक्या पानांच्या ढिगावर बसली होती. तेच तिचं घरटं, खालून वेलींना अडकवलेलं, पाणी चढलं की तेही वर चढतं. एक घार खाली आली तशी टिबुकली उठली. पण लगेच गेली नाही. चोचीनं डावीकडचं ओलं शेवाळ ओढलं, अंड्यांवर टाकलं. उजवीकडचं ओढलं, टाकलं. चार, पाच, सहा वेळा, भराभर, घाईत पांघरूण घालणाऱ्या आईसारखं. मग आवाज न करता बुडी. मागे राहिला तो नुसता कचऱ्याचा ढीग. मला माहीत नसतं तर मी दुर्बीण पुढे नेली असती.

तेवढ्यात मागून एक म्हातारे ढीवर काका आले, खांद्यावर जाळं, डोक्यावर प्लास्टिकची खोळ.

"काय पाहून राहिले भाऊ एवढ्या पावसात?"

"टिबुकलीचं घरटं, काका."

"पानडुबी म्हणा ना. कुठी आहे घरटं? तो तं कचरा आहे."

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांना चष्मा नाही, म्हणून मागच्या वाट्या वर फिरवून दिल्या, दोन नळ्यांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांप्रमाणे कमी केलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पावसाचं पाणी पुढच्या भिंगावरून ओघळत होतं तरी त्यांनी ती खाली घेतली नाही. मग टिबुकली वर आली, ढिगावर चढली, एकेक पान बाजूला सारलं. काका एवढंच म्हणाले, "झाकून गेली होती जी ते. मी चाळीस वर्षं याच्यावरून डोंगा नेला."

दोन आठवड्यांनी पिल्लं निघाली. डोक्यावर पट्टे पट्टे, आईच्या पाठीवर पंखांच्या खोबणीत बसलेली, फक्त चोची बाहेर. ती बुडी मारायची तेव्हा पिल्लं बुचासारखी पाण्यावर राहायची आणि घाबरून गोल फिरायची. काका त्या दिवसांत डोंगा त्या बाजूनं नेत नव्हते.

त्या पूर्ण पावसाळ्यात दुर्बिणीच्या आत एकदाही धुकं आलं नाही. बाहेरच्या काचांवर येतं, ते कुठल्याही दुर्बिणीत येणारच. कंपनीतल्या एसी खोलीतून थेट दमट हवेत आणली की पहिली पाच मिनिटं जातात. श्वास मागच्या भिंगावर जाऊ देऊ नका. काच शर्टाच्या टोकानं पुसू नका. आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग चष्म्याचं मऊ कापड. घरी आलो की टोपणं काढून पंख्याखाली ठेवतो आणि रात्री सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या स्टीलच्या डब्यात. बायकोनं तिचा मोठा पोह्यांचा डबा यासाठी दिला, ही तिची मेहेरबानी.

आता जे पटलं नाही ते. गळ्याचा पट्टा अगदी टाकाऊ, अर्ध्या इंचाचा, साडेसहाशे ग्रॅम वजनाला मानेत रुततो. मी दोन खांद्यांवरून येणारा हार्नेस बर्डीत वेगळा घेतला. पुढच्या भिंगांची टोपणं सैल, एक पहिल्याच महिन्यात तलावात गेलं. कडेचा थोडा भाग मऊ दिसतो, पण पक्षी मधे आणला की प्रश्न मिटतो. जवळात जवळ तीन मीटरवरचं दिसतं, त्यामुळे पायाशी बसलेलं फुलपाखरू बघायला दोन पावलं मागे जावं लागतं. आणि उजव्या डोळ्याची जी रिंग असते ती पिशवीत आपोआप फिरते. हा मात्र खरा त्रास. तिला कुलूप हवं होतं.

ही रिंग काय करते हे पुष्कळ जणांना कोणी सांगितलेलंच नसतं. आपले दोन डोळे सारखे नसतात. आधी उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करायची. मग डावा झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, फक्त ही रिंग फिरवून तीच पाटी उजव्याला स्पष्ट करायची. झालं, नंतर तिला हात लावायचा नाही. मागच्या पक्षी सप्ताहात एका शाळेची मुलं पाळीवर आली होती. वीस-बावीस मुलांना मी ही दुर्बीण दाखवली, आणि "सर, दोन-दोन दिसतात", "सर, डोकं दुखतं" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं नळ्यांमधल्या अंतरात किंवा या रिंगमध्ये होतं.

किंमत मला साडेबारा हजार पडली. आमच्या पगारात ही मोठी रक्कम आहे, चार महिने बाजूला टाकून जमवली. एवढे एकदम नसतील तर थांबा, मधल्या काळात कोणाची तरी वापरा, पण चार हजारांची झूमवाली घेऊन पैसे घालवू नका. घेताना दुकानात जा. ऑनलाइन खोक्यावर लिहिलेलं सगळं खरं नसतं, माझ्या ओळखीत दोघांना ४२ लिहिलेल्या दुर्बिणीत ३० चंच भिंग मिळालं. पट्टी बरोबर न्या आणि पुढचं भिंग मोजा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, मागच्या भिंगात जो प्रकाशाचा ठिपका दिसतो तो पूर्ण गोल हवा. कडा कापलेल्या, चौकोनी दिसल्या तर प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे. चष्मा असेल तर चष्मा लावूनच बघा. आणि दुकानाच्या आत बघून ठरवू नका, दारात येऊन समोरच्या रस्त्यावरची सगळ्यात लांबची पाटी वाचा. मला दुकानदारानं अर्धा तास दारात उभं राहू दिलं होतं, वर चहा पाजला.

रिंगचा उपाय मुलीनं काढला. माझ्या नंबरावर रिंग आणली आणि रिंगवर आणि नळीवर मिळून तिच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. फिरली की लगेच कळतं, परत जुळवायला एक सेकंद. गेल्या महिन्यात तिथेच दुसरा ठिपका लावून घेतला, हिरवा. तो काकांचा आहे.